बडोदे, आणि उरलेली चाळीस पानं

पुण्याहून निघताना पिशवीत तीन साड्या, गुडघ्याचं तेल आणि चष्मा एवढंच घेतलं. पुस्तक एकही नाही. मी देवळाच्या रांगेतसुद्धा कादंबरी उघडणारी बाई, त्यामुळे सुनेने दोनदा विचारलं, "आई, बरं आहे ना?" पण या खेपेला पुस्तक बडोद्यात होतं आणि मलाच त्याच्याकडे जायचं होतं.

वहिनीचा फोन आला होता. "वन्सं, माझे डोळे गेले. तुमचे दादा गेल्यापासून घरात मराठी वाचणारं कुणी नाही. येता का?" पोटातल्या गाठीबद्दल चकार शब्द काढला नाही. ते भाच्याने, निखिलने, नंतर सांगितलं. डॉक्टरांनी घरी पाठवलं होतं. आठवडा, फार तर दहा दिवस.

सकाळी स्टेशनवर निखिल घ्यायला आला. नंदेसरीच्या कारखान्यात असतो, रजा काढली होती. "आत्या, थाकलीस ने? (थकलीस ना?)" म्हणाला आणि पिशवी घेतली. कारेलीबागेत शिरलो. सोसायटीच्या प्रत्येक फाटकावर शिकवणीच्या पाट्या आणि खाली स्कूटरींची रांग. मी ज्या बडोद्यात वाढले ते कुठे गेलं, असं विचारणार होते, पण निखिलचा चेहरा बघून पाट्याच वाचत राहिले.

वहिनी पलंगावर होती. म्हणजे पलंग होता आणि चादरीखाली थोडीशी वहिनी होती.

"आलात? ते घ्या," तिने उशीकडे हात केला. "हा निखिल वाचतो ते लाइटबिल वाचल्यासारखं."

"आई, मी गुजराती शाळेत गेलो त्यात माझा काय वांक? (दोष?)" निखिल म्हणाला.

उशीखालून पुस्तक काढलं आणि लगेच ओळखलं. तपकिरी बांधणी, मुखपृष्ठ आणि नावाचं पान केव्हाच गेलेलं. यमू नावाच्या बाईची, नदीकाठच्या गावातली जाडजूड कादंबरी. आणि मधोमध अजून वहिनीच्या लग्नाची पत्रिका, तेव्हा खूण म्हणून घातलेली.

इथे मला माझ्या तरुणपणाची ओळख करून द्यावी लागेल. त्या वेळची मी म्हणजे दोन वेण्या आणि त्यांच्यामध्ये मावेल तेवढा सगळा गर्व. वाचलेल्या पुस्तकांची वही ठेवायची आणि आल्यागेल्याला आकडा ऐकवायची. वाचायची पद्धत अशी: पहिली वीस पानं, मग शेवटचं पान, मग मधली फक्त भांडणं. निसर्ग, जेवणावळी, पत्रं सरसकट गाळायची. वहिनी नवी नवरी होऊन आली ती गुजराती शाळेत शिकलेली. मराठी अक्षर अन् अक्षर लावून वाचायची, ओठ हलवत. एक कादंबरी चार महिने! मला हसू आवरेना. एके दुपारी ती भाजी निवडता निवडता वाचत होती, तेव्हा मी म्हटलं, "कशाला एवढे कष्ट? यमू शेवटी नदीत बुडून मरते."

वहिनीने पुस्तक मिटलं. पुन्हा उघडलं नाही. मी विजयी मुद्रेने वहीत भर घातली.

"सुरुवातीपासून वाचा," वहिनी आता म्हणाली. "शेवट मला माहीत आहे. पण यमू तिथवर जाते कशी, ते बघायचंय."

पहिल्या दिवशी पन्नास पानं झाली. दुसऱ्या दिवशी एका लग्नाच्या पंगतीचं वर्णन आलं, पक्वान्नांसकट. सवयीने माझा अंगठा पुढे सरकला.

"पान लवकर उलटलंत, वन्सं."

"अगं, नुसतं जेवण आहे."

"मग मला जेवू द्या. तोंडाने जात नाही हल्ली."

मागे गेले. श्रीखंडापासून विड्यापर्यंत सगळं वाचलं. तेव्हाच राहवेना म्हणून सांगून टाकलं. "वहिनी, ते बुडण्याचं मी मनाने सांगितलं होतं. ही कादंबरी मी वाचलेलीच नाही. तू चार महिने घेऊन बसलीस म्हणून मला राग आला होता."

वहिनी मग पोट धरून हसायला लागली आणि हसण्याचा खोकला झाला. निखिल धावत आला.

"सत्तेचाळीस वर्षं!" ती म्हणाली. "सत्तेचाळीस वर्षं मी त्या बाईचं सुतक पाळलं, मेल्ये! खरा शेवट काय मग?"

"माहीत नाही."

"मग वाचा. आणि गाळाल तर याद राखा."

तिसऱ्या दिवशी मी खुर्चीतच पेंगले, चष्मा खाली पडला आणि उठताना माझाच पाय त्याच्यावर. रिक्षाने निजामपुऱ्यात चष्म्याचं दुकान गाठलं.

"बा, बे कलाक," दुकानदार म्हणाला. (आजी, दोन तास.)

"अरे बाबा, घरी माणूस वाट बघतंय."

"तो दोढ कलाक."

दीड तास कुठे काढायचा? समोर सेव-उसळ होती. तिखटजाळ, वर शेवेचा डोंगर. मी ती चवीने खाल्ली, हेही लिहून ठेवते. परतले तेव्हा वहिनीला इंजेक्शन दिलेलं होतं. ती संध्याकाळ गेली.

पाचव्या दिवशी सकाळी तिचा श्वास बदलला. चाळीस पानं उरली होती. यमूला घरातून काढलं होतं आणि ती नदीच्या वाटेला लागली होती. मी भराभर वाचत होते, पण चाळीस पानं म्हणजे चाळीस पानं.

"आत्या," निखिल दारातून हळूच म्हणाला, "छेल्लं (शेवटचं) पान वाच ने. आईला समजू दे, यमू जगली का ते."

वहिनीने बजावलं होतं. पण तिचे डोळे मिटलेले, नखं निळी. मी शेवटचं पान उघडलं. आयुष्यभर हेच तर करत आले. कानाशी वाकून वाचलं: दौलूने ओला दोर गुंडाळून खुंटीला टांगला, कंदील बारीक केला आणि दार ओढून घेतले. बस्स, एवढंच. यमूचं नावही नव्हतं त्या पानावर.

वहिनीने डोळे उघडले.

"दौलू कोण?" तिने विचारलं.

मी घाईघाईने मागची पानं चाळू लागले. दौलू कुठे सापडेना. वर पाहिलं तेव्हा निखिल तिचा हात धरून उभा होता आणि तिला उत्तराची गरज उरली नव्हती.

तेरा दिवस घर माणसांनी भरलेलं होतं. निघताना निखिलने पुस्तक माझ्या पिशवीत घातलं. गाडी बडोद्यातून सुटली आणि मी ती चाळीस पानं काढली. नदीचं वर्णन चार पानं होतं, चारही वाचली. पाणी, लव्हाळी, पलीकडच्या गावातला धूर. यमू पाण्यात उतरते. माझी थाप खरी होत आली होती. आणि मग पैलतीरावरचा एक नावाडी, ज्याला तोवर साऱ्या पुस्तकात कुणी हाक मारलेली नाही, दोर फेकतो. यमू तो धरते.

वहीतल्या त्या सगळ्या पुस्तकांत असे किती दौलू मी न बघताच ओलांडून गेले असेन, कोण जाणे. आता त्यांना शोधत परत जाण्याएवढं वय माझ्यापाशी नाही.

"नावाडी होता गं," मी म्हटलं.

समोरच्या बाईंनी मान वर केली. "शुं कह्युं, बा?" (काय म्हणालात, आजी?)

"तुम्हाला नाही," मी म्हणाले आणि पुस्तक मिटलं.