लसवाले आले

दोन्या एदुविहेस पूर्वी खिडकीच्या गजांतून हिरव्या केळ्याचे गरम गोळे, म्हणजे बोलोन, विकायची आणि अख्ख्या गल्लीची खबर ठेवायची. आता खबर फोनमध्ये येते, त्यामुळे गल्लीकडे बघायला तिला सवड नाही. केळी कुस्करताना फोन, आत चीज भरताना फोन. कुठे बस लुटली, कुठे न्हाव्याला दुकानात घुसून मारलं. अन्न गोड लागेना, छातीत धडधडायचं, आणि त्यावर बाईंचा उपाय काय, तर आणखी बातम्या. आमच्या ग्वायाकिल शहरात घडतं ते काही कमी नाही, हे मान्य. पण ही न घडलेलंही चघळत बसायची.

मग गिऱ्हाइकांवर संशय सुरू झाला. इकडेतिकडे बघणारा टेहळणीला आलेला, न बघणारा तर नक्कीच टोळीतला. शेवटी तिने खिडकीच बंद केली. उरला एकटा विल्मेर, समोरचा पंखे दुरुस्त करणारा. तिचा नवरा गेल्यापासून गॅसचं सिलिंडर तोच उचलून आणायचा. "काय शेजारीणबाई, आज जग बुडालं का?" असं रोज चिडवायचा.

एका सकाळी त्यानेच दार वाजवलं. "शेजारीणबाई, उघडा. लसवाले आलेत. तुमचं नाव मीच दिलंय."

तिने कडी काढलीच नाही. आमच्याकडे खंडणीलाही लसच म्हणतात. पैसे टोचून घ्या, म्हणजे गोळीची बाधा होत नाही. फटीतून पाहिलं तर विल्मेरबरोबर तोंड झाकलेले दोघे, एकाच्या हातात डबा. आणि नाव म्हणे यानेच दिलंय! बाहेर ते काय सांगत होते ते तिच्या कानात शिरलंच नाही. ते कंटाळून गेले. तोवर तिने फटीतून काढलेला फोटो वस्तीच्या ग्रुपवर टाकला होता: हा टोळीचा माणूस, सावध राहा.

दुपारी तोच फोटो तिच्या नेहमीच्या बातम्यांच्या पानावर झळकला. "पंख्यांच्या दुकानाआडून खंडणी." बाईंना चक्क समाधान वाटलं. बातमीत आलंय, म्हणजे आपला संशय खराच होता. पुन्हा बघावा म्हणून तिने फोटो मोठा केला. डब्यावर आरोग्य केंद्राचं नाव होतं. दोघांच्या तोंडावर मास्क होते, आणि त्यातली एक नर्स होती. गेल्या वर्षी फ्लूने बाईंची छाती भरली होती, म्हणून विल्मेरने लशीसाठी त्यांचं नाव दिलं होतं.

तिला मेल्याहून मेल्यासारखं झालं. ती तशीच चपला न घालता धावली. गल्लीतल्याच लोकांनी दुकानाचं शटर वाकवलं होतं, पंखे रस्त्यावर फुटून पडले होते. विल्मेर उरलेलं सामान टेम्पोत भरत होता. त्याच्या भुवईवर रक्त सुकलं होतं.

"विल्मेर, पोरा, चुकलं माझं. मी आत्ता ग्रुपवर लिहिते, सगळ्यांना सांगते."

"लिहा," तो वायर गुंडाळत म्हणाला. "पण फोनला काय विचारत बसलात? दार उघडून मला विचारायचं. मी समोरच तर राहत होतो."