‘चेक्ड’ची चौकट

डबा खाऊन झाला आहे आणि जेवणाच्या सुट्टीतली वीस मिनिटं अजून शिल्लक आहेत. सगळे खाली ऊन खात उभे आहेत. मी टेबलावर आडवा हात ठेवते आणि त्यावर डोकं टेकवते. डोळे मिटले तरी संगणकाच्या पडद्यावरच्या रेषा पापण्यांच्या आत दिसत राहतात, काळ्यावर पांढऱ्या, बारीक.

तो टायटल ब्लॉक आहे. ड्रॉइंगच्या उजव्या खालच्या कोपऱ्यात असतो तो चौकोन. भागाचं नाव, धातू, तारीख, आणि ‘ड्रॉन’, ‘चेक्ड’, ‘अप्रूव्ड’, म्हणजे कुणी काढलं, कुणी तपासलं, कुणी मंजूर केलं, हे सगळं त्यात लिहितात. सकाळपासून मी तोच नव्याने बांधते आहे.

कुपवाडच्या आमच्या पंपाच्या कारखान्यात ड्रॉइंगचा विभाग मी सांभाळते. नवे मॅनेजर भोकरेसाहेब वयाने माझ्या मुलाएवढे आहेत. काल ते म्हणाले, “आवटीमॅडम, लोगो मोठा घ्या, शेजारी क्यूआर कोड येऊ दे. ‘ड्रॉन’ आणि ‘चेक्ड’ काढून टाका, नुसतं ‘अप्रूव्ड’ पुरे. कुणी काय केलं ते सॉफ्टवेअरला माहीत असतंच की.” मी बरं म्हटलं. मी नेहमी बरंच म्हणते. उद्यापासून प्रत्येक ड्रॉइंग त्याच साच्यातून निघायचं आहे. ‘ड्रॉन’ मी पुसून टाकलं. ‘चेक्ड’ची चौकट निवडली, ती निळी झाली, आणि तेवढ्यात जेवणाची घंटा झाली.

आता ती चौकट पापण्यांच्या आत मोठी होत जाते आहे. दाराएवढी होते. तिच्यातून हणबरसर आत येतात.

पिराजी हणबर, आमचे हेड ड्राफ्ट्समन. मी एकविसाव्या वर्षी इथे लागले तेव्हा पेन्सिल कशी फिरवत न्यायची इथपासून त्यांनी मला शिकवलं. त्यांना जाऊन आठ महिने झाले. हे मला आत्ताही ठाऊक आहे, तरी मी उठून खुर्ची पुढे सरकवते.

“राहू दे गं,” ते म्हणतात. “बसायला नाही आलो. काय चाललंय?”

त्यांच्या शर्टाला ड्रॉइंगच्या अमोनियावर काढलेल्या प्रतींचा तो जुना, नाकात जाणारा वास आहे. मी पडदा दाखवायला वळते, तर पडदा नाही. तिथे तिरपा लाकडी बोर्ड आहे, त्यावर ट्रेसिंगचा कागद ताणून लावलेला. खोलीत आठ बोर्ड आहेत आणि बाकी सात बोर्डांपुढे कुणीच नाही, पण पेन्सिलींचा आवाज येतो आहे.

“चौकटी काढून टाकते आहे, सर. तुमचीपण.”

“माझी?”

“चेक्ड.”

ते मान हलवतात, जणू काही विशेष नाही. त्यांच्या मागे भिंत संपते आणि आम्ही फाउंड्रीच्या आवारात उभे असतो. पायाखाली काळी वाळू ऊबदार लागते. समोर बेअरिंग हाउसिंगची कास्टिंगं, बेअरिंग बसवायची ओतीव कवचं, रचून ठेवली आहेत. मोजायची गरज नाही. ती साठ आहेत.

त्या साठांचं सांगायला हवं. नोकरीला लागून पाचच महिने झाले होते. वडील अर्धांगाने अंथरुणाला खिळलेले, कमावणारी मी एकटी. एका ड्रॉइंगवर दोन भोकांमधलं अंतर १४८ लिहायचं होतं, मी १८४ लिहिलं. माल ओतून झाला, भोकंही पडली, आणि जोडायला घेतल्यावर एकही बसेना. मोठ्या साहेबांनी सगळ्यांना आवारात उभं केलं आणि ड्रॉइंग फडकवत विचारलं, “कुणी काढलंय हे?” ‘ड्रॉन’मध्ये माझं नाव होतं. मी पुढे झाले नाही. तेव्हा हणबरसर पुढे झाले. म्हणाले, “त्याच्या खाली वाचा, साहेब. चेक्ड, पि. हणबर. माझी सही झाल्यावर चूक माझी.”

त्यांना ड्रॉइंगमधून उचलून स्टोअरमध्ये टाकलं. दोन वर्षं ते नटबोल्टचे खोके मोजत बसले. मी बोर्डावर राहिले. जाता-येता ते विचारायचे, “जेवलीस का?” मी “हो सर” म्हणायची. अठ्ठावीस वर्षांत मी त्या दिवसाबद्दल त्यांच्याशी अवाक्षर बोलले नाही. ते गेल्यावर त्यांच्या घरी जाऊन आले, त्यांच्या पत्नीने, ताराकाकूंनी, चहा दिला, तो प्यायले, आणि काहीच न सांगता परतले.

सर एका कास्टिंगवर बसतात, पाय पसरून, घरच्या ओट्यावर बसावं तसे.

“सर, त्या दिवशी—”

“एकशे अठ्ठेचाळीस,” ते म्हणतात आणि हसतात. “अजून पाठ आहे बघ.”

“मलापण.”

“तुला एक सांगायचं राहूनच गेलं, सुलभा.” ते हातावरची वाळू झटकतात. “मी ते ड्रॉइंग बघितलंच नव्हतं.”

“म्हणजे?”

“आमच्या थोरलीला, मंगलला, बघायला पाहुणे यायचे होते संध्याकाळी. पाच दहाची एसटी गाठायची होती. नऊ शीटं होती टेबलावर. नऊच्या नऊवर सह्या केल्या आणि पळालो. एक आकडासुद्धा वाचला नाही.” ते माझ्याकडे बघत नाहीत. “तू मला देवमाणूस समजत राहिलीस. मी बघत होतो ते. सांगवेना.”

मला राग यायला हवा असं वाटतं. येत नाही. इतकी वर्षं छातीवर कुणीतरी हात ठेवून होतं, तो त्यांनी हळूच उचलला, असं होतं.

“पण तुम्हाला म्हणता आलं असतं ना, की पोरीनं आकडा उलटा लिहिला. सगळ्यांना पटलं असतं.”

“आलं असतं म्हणता.”

“मग?”

“मग तू दुसऱ्या दिवशी बोर्डावर दिसली नसतीस. आणि माझं नाव तिथं लिहिलेलं होतं की गं, चांगलं ठळक. नावाला काय सांगणार?”

“सर, माझं घर चाललं त्याच्यावर. वडलांची औषधं, भावाचं शिक्षण, पुढं माझं लग्न. मी तुमचे आभारसुद्धा मानले नाहीत.”

“मानतेस की आत्ता.”

मी वाकते. त्यांच्या पायांखाली वाळू नाही, एसटी स्टँडची फरशी आहे, आणि सांडलेल्या उसाच्या रसावर माश्या बसल्या आहेत. गाडी लागलेली आहे. तिच्यात माणसं बसली आहेत, सगळी एकाच बाजूला, आणि कुणी बोलत नाही. भीती वाटत नाही. सर वर चढायला एक पाय टाकतात आणि मागे वळतात.

“माझी चौकट किती रुंद होती, आठवतंय?”

“पस्तीस मिलिमीटर.”

“काढून दाखव.”

“कागद नाही, सर.”

“हातावर काढ.”

मी डाव्या तळहातावर काढते. ते माझं मनगट धरतात आणि चष्मा कपाळावर सारतात. मग प्रत्येक रेषेवरून बोट नेतात, एका कोपऱ्यापासून दुसऱ्या कोपऱ्यापर्यंत, मला शिकवलं होतं अगदी तसं. पाठीमागे कंडक्टर घंटी ओढतो आहे. त्यांना घाई नाही. चारही रेषा होईपर्यंत ते माझा हात सोडत नाहीत.

“या खेपेला नीट बघितलं,” ते म्हणतात, आणि गाडीत चढतात.

घंटी वाजतच राहते. कारखान्याची आहे. सुट्टी संपली आहे.

मी डोकं उचलते. मान अवघडली आहे, चष्मा बाजूला पडला आहे. पडद्यावर ‘चेक्ड’ अजून निळं आहे. मी ती निवड सोडते, मग पुसून टाकलेलं ‘ड्रॉन’ परत आणते. लोगो एक सेंटिमीटरने बारीक करते. सगळं व्यवस्थित मावतं.

भोकरेसाहेब येऊन पडद्यावर वाकतात. “हे काढायचं ठरलं होतं ना, मॅडम?”

“ठरलं होतं. पण राहू द्यावं असं मला वाटतं, साहेब.” माझा आवाज मलाच अनोळखी वाटतो. “सॉफ्टवेअरला माहीत असेल. पण खाली मशीनवर उभा राहतो त्याच्या हातात कागदच असतो. काही खटकलं तर कुणाकडे जायचं हे त्याला कळायला हवं. फार वर्षांपूर्वी इथे साठ हाउसिंगं भंगारात गेली. आकडा मी चुकवला होता. आणि तपासणाऱ्याने पुढे होऊन ती चूक आपली म्हटली, म्हणून मी आज इथे आहे.”

हे मी आजवर कुणालाही सांगितलेलं नाही. भोकरेसाहेब खुर्ची ओढून बसतात.

“कोण होते ते?”

मी सांगायला हात उचलते तर त्याखाली टेबलावर बॉलपेन आहे, टोपण काढलेलं. दुसऱ्या हाताच्या तळव्यावर निळ्या शाईची चौकट आहे. रेषा थोड्या थरथरलेल्या, पण कोपरे जुळलेले. मी पट्टी घेऊन तिच्यावर धरते.

“हे काय, मॅडम?”

“चौतीस भरतंय,” मी म्हणते. “एक वाढवायला हवा.”