अखंड सुरू असलेला तास

निमू गेल्याची बातमी तिच्या वैनीने फोनवर दिली. शोकसभेची निमंत्रणपत्रिका पंधरवड्याने व्हॉट्सॲपवर आली; पत्रिकेत पाहुण्यांचे फोटो निमूच्या फोटोपेक्षा मोठे होते.

निमू, म्हणजे निर्मला, आणि मी नांदगावच्या शाळेत एका वर्गात होतो. पुढे मी कणकवलीच्या कॉलेजात शिकवायला चिकटलो आणि ती शहरात पालिकेच्या शाळेत शिक्षिका झाली, मग मुख्याध्यापिका. तिने शाळेत आणलेली सुधारणा सांगायला अगदीच कंटाळवाणी होती. रोज एक तास मुलांनी आळीपाळीने शिक्षकासमोर बसून एकेक पान मोठ्याने वाचायचं, कोण कुठे अडलं ते शिक्षकाने वहीत लिहायचं आणि हे वर्षानुवर्षं करत राहायचं. बस्स. योजनेला ना नाव, ना बोधचिन्ह. तरी हळूहळू शेजारच्या शाळांनीही तो तास उचलला. गणपतीला ती गावी आली की मी चिडवायचो, "काय गो, शहर सुधारला?" ती म्हणायची, "मेल्या, पोराक वाचूक येवक पाच वर्सां लागतत. सायब अडीच वर्सांत बदलता." आणि प्रत्येक साहेब नवी योजना, नवं गीत आणि शिक्षकांसाठी नवे टी-शर्ट घेऊन यायचा…

त्यातल्या एकाला शाळेच्या दारावर 'शंभर टक्के वाचन' असा फलक हवा होता. निमूने त्याच्या हातात अजून वाचता न येणाऱ्या मुलांची यादी ठेवली. यांना आणखी दोन वर्षं द्या, म्हणाली. साहेबांनी तिचं पुस्तकप्रेम ओळखून तिची बदली पाठ्यपुस्तकांच्या गोदामात केली. ती तिथूनच निवृत्त झाली.

कणकवलीच्या शोकसभेला तेच साहेब आले होते, आता बरेच वर चढलेले. "निर्मलाताईंचं कार्य अखंड सुरू आहे," असं ते माइकवरून म्हणाले. माझ्या शेजारी निमूच्या शाळेतले एक शिक्षक बसले होते, मुद्दाम रेल्वेने आलेले. मी हळूच विचारलं, "तो वाचनाचा तास चालतो का?"

"बंद झाला, सर. त्या वेळात मुलं वाचत असल्याचे फोटो काढून आम्ही अपलोड करतो." त्यांनी मान खाली घातली.

किळस आली. साहेबांची तर आलीच. पण तेवढ्यात शोकसभेत चक्क टाळ्या पडल्या आणि माझेही हात हलले, त्याची जास्त.

काचेच्या चौकटीतलं मरणोत्तर मानपत्र नांदगावला पोचवायचं काम माझ्याकडे आलं. निमूची वैनी कधी शाळेत गेली नव्हती. निवृत्तीनंतर निमूने तिला रोज पडवीत बसवून वाचायला शिकवलं. त्याला चार वर्षं लागली. तास बंद झाल्याचं मी वैनीला सांगितलं. ती मानपत्र मांडीवर घेऊन, एकेका शब्दाखाली बोट ठेवत मोठ्याने वाचू लागली. न कळलेल्या शब्दाशी थांबायचं, पुढे पळायचं नाही, ही निमूची शिस्त आता तिच्या अंगात मुरली आहे. 'निर्मलाताईंचं कार्य अखंड' इथे ती थांबली.

"मास्तरानु, अखंड म्हणजे काय?"

"न थांबता चालू असलेलं."

"आणि तास तर बंद केल्यानी मा?"

"होय."

"मगे ह्या कित्याक लिवल्यानी?"

वैनी पुढे वाचेना. तिचं बोट काचेवर, त्या शब्दाखाली, तसंच होतं…