इराण, इराक आणि आयचे सोडे

इराण आणि इराक या दोन देशांत वरचढ कोण, याचा निकाल सातपाटीत आमच्या ओटीवर लागला. तो मी लावला. त्या देशांना हे कोणी कळवलं नाही, म्हणून ते पुढेही बरीच वर्षं लढत राहिले.

त्या काळी मी गावातल्या मच्छीमार सोसायटीत कारकून होतो. घरात बाकीच्यांची शाळा चौथीच्या आसपास सुटलेली, त्यामुळे पेपर मी वाचायचा आणि जगात काय चाललंय ते इतरांना सांगायचं, असा नेमच पडला होता. मीही ते अशा सुरात सांगायचो, जणू परराष्ट्रमंत्री मला विचारल्याशिवाय चहासुद्धा पीत नाहीत.

माझ्या थोरल्या बहिणीचे, म्हणजे तायचे, यजमान मधुभावजी बोईसरच्या एका कारखान्यात वेल्डर होते. त्यांना मुंबईच्या एका एजंटामार्फत परदेशात नोकरी लागली. ही बातमी त्यांनी मला बंदरावर दिली, तेव्हा होड्या नुकत्याच लागल्या होत्या आणि मासळीच्या लिलावाचा गलका चालला होता. "तिकडं लढाई हाय म्हनतात, पन पगार बरा हाय," ते म्हणाले. देशाचं नाव त्यांनी सांगितलं आणि मी ऐकलं. (निदान माझी तशी समजूत होती.)

जायला दोन आठवडे उरले तेव्हा ताय सामानसुमान घेऊन माहेरी राहायला आली. रविवारी सकाळी मी पेपर उघडला तर आतल्या पानावर दोन्ही देशांच्या लष्करी बळाची तुलना छापलेली. एका रकान्यात एक देश, दुसऱ्यात दुसरा. सैनिक किती, रणगाडे किती, विमानं किती, सगळं मांडलेलं. मी वाचायला सुरुवात केली. ताय धुणं टाकून आली.

"दामू, तू शिकलेला हायस. ह्यांचा देश जिकतो का हरतो, तेवढं सांग."

भावजी अजून विमानात बसायचे होते, पण तायच्या तोंडी तो त्यांचा देश झाला होता. मी आकडे वाचून दाखवले. ते इतके मोठे होते की कोणाच्या डोक्यात शिरेनात. बाबांनी सगळा जन्म होडीवर तांडेलकी केलेली. ते म्हणाले, "आकडं नको. डोळ्याला दिसंल असं दाव."

आयने दुसऱ्या दिवशीच्या पालघरच्या बाजारासाठी सुकी मासळी निवडून ठेवली होती. मी दोन सुपं घेतली. एक भावजींच्या देशाचं, एक दुश्मनाचं. सैनिक म्हणून सुके बोंबील टाकले, विमानं म्हणून मांदेली आणि रणगाडे म्हणून सोडे, म्हणजे सोलून वाळवलेली कोळंबी. भावजींच्या सुपात बोंबलांचा ढीग झाला, पण मांदेली मूठभर आणि सोडे थोडेच. दुश्मनाचं सूप सोड्यांनी लालेलाल.

"मानसं तर ह्यांच्याकडं जास्त हायत," बाबा म्हणाले. "जाळं वढायला शेवटी मानसंच लागतात."

"बाबा, हे आधुनिक युद्ध आहे," मी म्हणालो. हे वाक्य मी शुद्ध भाषेत म्हणालो, म्हणून ते गप्प बसले.

एवढ्यात आय मागल्या दारातून आली. तिने सुपांकडे पाहिलं आणि तिचा आवाज चढला. "सोडं कोनी काडलं? साऱ्या मोसमात एवढंच झालं हायत, नि ती तुमी लडाईला लावलीत?"

मी तिला समजावलं की हे सोडे नाहीत, रणगाडे आहेत. ती म्हणाली, रणगाडं बाजारात कोन घेनार नाय. तेवढ्यात शेजाऱ्यांच्या मांजरीने भावजींच्या देशाचं निम्मं विमानदळ तोंडात धरून पोबारा केला. तायने तोंडाला पदर लावला. माझा निकाल तयारच होता, तो मी सांगून टाकला. भावजींचा देश टिकणार नाही.

आय सुपं पाखडत पुटपुटली, "जिकनाऱ्याच्या घरावर बाम पडत नाय वाटतं? लडाईत जायाचंच कशाला?" पण चौथीपर्यंत शिकलेल्या बाईच्या बोलण्याकडे लक्ष द्यायला तिथे कोणाला वेळ नव्हता.

दुपारी भावजी आले. कारखान्यातल्या लोकांनी आदल्या दिवशी त्यांना निरोप दिला होता. शाल, श्रीफळ आणि एक निळा थर्मास. ताय दारातच म्हणाली, "तुमी जायाचं नाय."

"का?"

"दामूनं मोजलंय. तुमच्याकडं रनगाडं कमी हायत."

भावजी माझ्याकडे वळले. "माझ्या पोटावर पाय देतोस, ते काय मोजून?"

"सोडे," मी म्हणालो.

त्यानंतर ते जे बोलले ते इथे लिहिण्यासारखं नाही. तायने रडून घर डोक्यावर घेतलं, आणि सोमवारी भावजींनी पालघरच्या पोस्टातून एजंटाला फोन करून नाही म्हणून सांगितलं. ताय आपल्या घरी परतली आणि भावजी थर्मास घेऊन कामावर गेले. गेटवरचा रखवालदार म्हणाला, "अरे मधु, तू गया नहीं?" आठवडाभर प्रत्येक पाळीत कोणी ना कोणी हेच विचारत होतं. सुपरवायझरने तर थर्मास परत मागितला, दुसरा एक जण रिटायर होतोय म्हणून. भावजी इतके संतापले होते की रोज घरी येऊन तायला ही हकीकत पहिल्यापासून सांगायचे, आणि ताय ती मला येऊन सांगायची.

पुढच्या रविवारी ते तायला घेऊन आले आणि माझ्यापुढे कागद टाकला. "एजंटाला लेखी नकार पायजे. तुज्यामुळं झालं, तूच लिव."

मी लिहायला बसलो. 'महाशय, इराण येथील नोकरी...'

भावजी खांद्यावरून बघत होते. "इरान कशाला लिवतोस? इराक हाय."

मी पेन खाली ठेवलं. त्यांनी खिशातून एजंटाचं पत्र काढलं. इराकच होतं. दोनदा लिहिलेलं, एकदा टाइप करून, एकदा शिक्क्यात. मी हळूच विचारलं, "तुम्ही बंदरावर इराण म्हणाला होतात ना?"

"मी इराकच बोललो." मग त्यांना काही सुचलं असावं. "पेपरात रनगाडं कोनाचं जास्त?"

"इराकचे."

बाबा समुद्राकडे बघायला लागले. ताय माझ्याकडे अशी बघत होती, जणू मीच बाँब टाकलाय. माझं आजही म्हणणं आहे की एकमेकांशी लढणाऱ्या शेजारी देशांना शेवटच्या अक्षराइतक्या फरकाची नावं असणं हा शुद्ध गलथानपणा आहे. मी हे तेव्हाही बोललो, आणि भावजी थर्मास उचलून माझ्या अंगावर धावले. आयने मध्ये पडून सोडवलं, नाही तर आमच्या ओटीवर तिसरी आघाडी उघडली असती.

भावजींच्या जागी चिंचणीचा एक वेल्डर गेला. ताय वर्षभर माझ्याशी बोलली नाही. एका दुपारी तीच धापा टाकत सांगत आली की चिंचणीवाला परत आला. कामावर असताना जवळच बाँब पडले, कंपनीने काम बंद केलं, आणि तो अंगावरच्या कपड्यांनिशी घरी पोचला. तिने देव्हाऱ्यापुढे हात जोडले, मग आयच्या पाया पडली.

मी घसा खाकरून म्हणालो की शेवटी भावजींना वाचवलं ते मीच.

कोणी ऐकलं नाही. पण त्या दिवसापासून तायला माझ्या अभ्यासाची किंमत कळली आहे, हे मान्य करायला हवं. जगात कुठेही दोन देशांचं वाजलं की ती अजून मला विचारते, कोण जिंकेल. मी दोन्हीकडचं बळ तपासून, विचार करून नाव सांगतो. मग ती समाधानाने घरी जाते आणि भावजींना दुसऱ्या देशाचं नाव सांगते. आजवर तिचा अंदाज एकदाही चुकलेला नाही.