लिपलेली ढोली

एकोडीला आमच्या घरी एक भांडण दरवर्षी ठरलेलं. मळणी होऊन धान ढोलीत, म्हणजे मातीच्या पुरुषभर उंच कणगीत, भरलं, की माय शेणमाती कालवून ढोलीचं तोंड लिपायला बसायची आणि माझा थोरला भाऊ तिचा हात धरायचा. "उघडी राहू दे," एवढंच म्हणायचा. उंदरांची मात्र चैन. एकाहत्तरच्या लढाईहून परतल्यापासून त्यानं हे खूळ धरलं होतं.

मी धाकटी बहीण, जीभ पहिल्यापासून तिखट. एकदा म्हटलंच, "काहून रे दादा, लष्करानं तुले शिपाई केलं का उंदरायचा मामा?" तो हसला नाही. मला ओसरीवर बसवलं आणि सांगितलं. मायला त्यानं कधीच सांगितलं नाही.

पलटणीत त्याच्याकडे एक जुनी रायफल होती. तिच्यातून गोळी मारायची नाही. नळी फुटू नये म्हणून वरून तार गुंडाळलेली, तोंडाशी लोखंडी पेला. पेल्यात हातबॉम्ब बसवायचा, मागून बिनगोळीचं काडतूस. हातानं फेकलेला जिथं पोचणार नाही, तिथं तो जाऊन पडायचा. एका वेळी एकच. मग पुन्हा सगळं पहिल्यापासून.

तिकडच्या एका गावात एका घरातून गोळ्या येत होत्या. साहेब म्हणाले, आत घरची माणसं आहेत का बघून ये. हा रांगत मागच्या खिडकीशी गेला. दाराशी शत्रूचे दोन शिपाई, आणि कोपऱ्यात ढोली. आपल्यासारखीच, तोंड लिपलेली. आता लिपलेल्या ढोलीत धानाशिवाय काय असणार? आपल्याकडचं शेंबडं पोरही सांगेल. त्यानं येऊन सांगितलं, "घरचं कोणी नाही, साहेब." बॉम्बही त्यानंच टाकला.

"ढोली फुटली, बाई. आत धान नव्हतं. एक बाई होती अन् तिचे लेकरं. शिपायायच्या भेवानं घरच्यायनं लपवून वरून लिपून टाकलं होतं." मग म्हणाला, "धान काढाच्या खालच्या भोकाचा बोळा काढला होता, हवेसाठी. बोळा काढलेला, अन् खाली एक दाणा सांडला नव्हता. मी पायलं होतं ते. धानवाल्याच्या घरचा मी, मले समजाले पायजे होतं."

मला रडू आवरेना. त्या वर्षापासून ढोलीवरून मायशी मीच भांडायला लागले.

पुढे माझं लग्न झालं, मी दिघोरीला नांदायला गेले, माय वारली. एकदा माहेरी आले होते, तेव्हा आमचा चुलतभाऊ फौजेतून सुट्टीवर आलेला. ओसरीवर बसून तो दादाला सांगत होता, "तुमचा पेला गेला आता. आखूड, जाड नळीची बंदूक निघाली. मधातून मोडायची, एक गोळा घालायचा अन् मारायचा. सीधा खिडकीतून आत जाते. नेम चुकतच नाही."

"नेम माहाही चुकला नव्हता," दादा म्हणाला. "आत कोण हाय, ते दिसते का तिच्यातून?"

"ते कसं दिसन, दादा?"

दादा उठून घरात गेला. त्यानं लग्न उशिरा केलेलं; नव्या वहिनीला यातलं काही ठाऊक नव्हतं. तिनं त्याच दिवशी ढोली लिपली होती. ओलं शेण बोटांनी खरवडल्याचा आवाज आम्हाला ओसरीवर ऐकू येत राहिला. मग तो आवाज थांबला. मी दारातून डोकावले, तर दादा ढोलीच्या तोंडातून आत वाकून हळूच विचारत होता, "कोणी हाय का?"