पोलीस लाईनीत कुणाला काही होत नव्हतं

पोलिसात नोकरी केली म्हटलं की लोक खुर्ची पुढे ओढतात. चोर, दरोडे, जंगलातले पाठलाग! मी सांगायला लागतो आणि पंचाईत होते. चोरांचं फारसं आठवतच नाही, आठवतात ती आमचीच माणसं. त्यांचे किस्से इतके साठलेत, की एक सांगताना दुसरा मध्येच तोंड घालतो. हसत ऐका, पण नंतर मला दोष देऊ नका.

*

तेव्हा आपला हा भाग ठाणे जिल्ह्यातच होता. माझं बिऱ्हाड जव्हारच्या पोलीस लाईनीत आणि ड्युटी मोखाड्याला, वायरलेसवर. एक दिवसाआड जीपला लटकून घरी यायचो. सेटवर ओरडून ओरडून घसाही बसलेला आणि डोकंही. आलो की भिंतीकडे तोंड करून पडायचो. बायको शालिनी बोलत राहायची, मी नुसता 'हं'.

एकदा घरून मोखाड्याला पोचलो, सेट लावला, तर जव्हारचा मेसेज. ऑपरेटर चाचरत होता.

"मोखाडा, मेसेज घे. जाधव यांच्या पत्नीस चार दिवस ताप आहे. घरी दोनदा सांगितलं, त्यांनी ऐकलं नाही. वायरलेसवरून सांगितलं तर ऐकतील, असं त्यांचं म्हणणं आहे. ओव्हर!"

आजूबाजूच्या सगळ्या ठाण्यांनी ऐकलं होतं! आणि मी काय उत्तर दिलं असेल?

"मेसेज मिळाला. ओव्हर."



*

त्यानंतर साहेबांच्या हातापाया पडून मी जव्हारला बदली घेतली. तिथे हवालदार भोये भेटला. जामसरकडचा, पाण्यातला मासा! दाभोशाच्या धबधब्यात कुणी बुडालं की हाक भोयेला. तो सूर मारायचा आणि प्रेत काढून काठावर ठेवायचा. शाबासकी मिळायची, चहा मिळायचा, संपलं.

हाच भोये आंघोळ करत नाही, अशी लाईनीत बोंब झाली. सगळे त्याला 'पारोसा हवालदार' म्हणायला लागले. एकदा मीही चिडवलं, "भोये, नदीत तासन् तास असतोस आणि घरी तांब्याभर पाणी जड होतं?"

तो हसला नाही. म्हणाला, "दादा, पानी डोक्यावर पडला का ते सगले माझे गल्याला मिठी मारतात."

"कोण?"

"ज्यांना म्या काडला ते."

तोच पुढे म्हणाला, "नदीत कायच होत नाय. ड्युटी आसते ना! घरी होतं."

त्याची बायको रोज ओल्या फडक्याने त्याचं अंग पुसून द्यायची, लहान पोराचं पुसावं तसं. लाईनीत तिने हे कुणालाही कळू दिलं नव्हतं.

*

मग नवे साहेब आले. तरणेबांड, कडक इस्त्री! पहिल्याच हजेरीला सगळ्यांना उभं करून म्हणाले, "मोकळेपणाने बोला. कुणाला काही अडचण?"

"नाही सर!" सगळे एका सुरात.

शिपाई सानप तेवढा पुढे आला. सिन्नरकडचा, अबोल माणूस. "सर, मला झोप येत नाही."

साहेब म्हणाले, "वा! मग तुला कायमची नाईट देतो!"

सगळे खो खो हसले. सानपही हसला. आणि महिनाभर खरंच नाईट आली की त्याला!

*

पुढे वरून आदेश आला म्हणून नाशिकचे एक मनाचे डॉक्टर लाईनीत भाषण द्यायला आले. हॉलमध्ये सगळे जवान ताठ बसलेले. डॉक्टर गोड आवाजात विचारताहेत, "चिडचिड होते? दचकायला होतं?" एक हात वर होईल तर शपथ!

बिचारे वैतागून जीपकडे निघाले, तर तिथे आमच्या बायका उभ्या. पहिली शालिनी. म्हणाली, "डॉक्टर, मला घरात बोलावंसंच वाटत नाही." मी जीपमागे उभा राहून ऐकतोय. अख्खं घर बोलण्याने भरणारी बाई ही! दुसरी भोयेची. "माला पान्याची भ्या वाटते." डॉक्टर लिहून घेत होते.

मग सानपची बायको सुनंदा पुढे आली. खाली बघत म्हणाली, "मला ड्युटीवर बंदूक हातात आली, की भलतंसलतं मनात येतं."

डॉक्टरांचं पेन थांबलं. "बाई, तुम्ही कुठे ड्युटी करता?"

सुनंदाने पदर तोंडात कोंबला.

डॉक्टर हळूच म्हणाले, "त्यांना माझ्याकडे घेऊन या. उशीर नको."

"ते यायचे नाहीत. मला गोळ्या द्या, मी चहातून देईन."

"चहातून नाही देता येत, ताई. त्यांनी स्वतः मागायला हवं."

*

आता शेवटचा. सानप पुढे नाशिकला उपचार घेऊन बरा झाला, नोकरी पुरी केली, आज सिन्नरला नातवंडं खेळवतोय. त्यानेच परवानगी दिली म्हणून सांगतो.

डॉक्टर येऊन गेल्यानंतरची दुपार. मी ठाणे अंमलदार, टेबलावर एकटाच. तिजोरीवरची गार्ड ड्युटी संपवून सानप आला. रायफल आणि गोळ्या माझ्याकडे जमा केल्या. तरी जाईना.

"काय रे?"

"मला लॉकअपमध्ये घाला."

मला वाटलं, गंमत करतोय. म्हटलं, "कुठलं कलम लावू?"

"अजून काही केलं नाही. म्हणून तर आलो."

मी त्याच्या डोळ्यांत पाहिलं आणि मुकाट्याने किल्ली काढली. लॉकअप रिकामंच होतं. तो आत गेला, भिंतीला टेकून बसला आणि पहिल्यांदाच मोकळा श्वास घेतला. मी माणूस पाठवून सुनंदाला बोलावलं. ती धावत आली आणि गजांना धरून उभी राहिली. रडली नाही. एवढंच म्हणाली, "बरं केलंत."

तेवढ्यात साहेब आले. आपला शिपाई आत बघून ओरडले, "हा काय तमाशा आहे?"

मी सगळं सांगितलं. सुनंदाने हात जोडले. "साहेब, रागावू नका ह्यांना."

साहेबांनी गजांतून सानपकडे पाहिलं. मग कमरेचा पट्टा सोडला, पिस्तुलासकट, आणि माझ्या टेबलावर ठेवला.

"जाधव, हेही जमा करून घे."

साहेब आत गेले आणि सानपच्या शेजारी फरशीवर बसले. इस्त्रीच्या पँटीची पर्वा नाही! आतूनच म्हणाले,

"दार लोटून घे. आणि कुणी विचारलं तर सांग, साहेब राउंडला गेलेत."