दारात अडकलेला कागद

दवाखान्यात तिला सगळे पारामावशी म्हणत. रोज सकाळ-संध्याकाळ लशींच्या फ्रीजमधला पारा बघायचा आणि दारावरच्या तक्त्यात आकडा लिहून सही करायची, हे तिचं काम. तिचा स्वतःचा पारा कधी चढेल याचाही नेम नसे, पण ते तिच्या तोंडावर बोलायची कुणाची छाती नव्हती.

त्या सकाळी आकडा अकरा आला. आठच्या वर जाता कामा नये, आणि आदल्या संध्याकाळी तर पाच होता. मावशीने आधी सगळ्या लशी बर्फाच्या पेटीत हलवल्या, डॉक्टरीणबाईंना फोन केला आणि मग मॅनेजरला सांगितलं.

मॅनेजर तासाभराने आला तो टाइप केलेला कागद घेऊनच. ‘माझ्या निष्काळजीपणामुळे फ्रीज नादुरुस्त झाला’, आणि खाली सहीसाठी रेघ. फ्रीजचं दार उघडून बघायची तसदी मात्र या गृहस्थाने घेतली नव्हती.

“कॉम्प्रेसर गेला, मावशी. बर्फ काढायला सुरी मारली असणार तुम्ही. सही करा, नाहीतर उद्यापासून येऊ नका.”

सुरी! मावशीच्या तळपायाची आग मस्तकात गेली. सतरा वर्षांपूर्वी, ती नवी असताना, घट्ट धरलेला बर्फ खरवडायला कंपाउंडरने फ्रीजरमध्ये सुरी घातली होती. फुस्स करून गॅस निघून गेला आणि खापर फुटलं मावशीच्या डोक्यावर. नवरा नुकताच गेलेला, पदरात दोन वर्षांची मुलगी. तिने मूग गिळून कबुलीच्या कागदावर सही केली. कंपाउंडर तेव्हा शेजारीच उभा होता, खिडकीबाहेर बघत. तो कागद अजून तिच्या फायलीत आहे, आणि मॅनेजरने तो वाचलेला आहे. तेव्हापासून या खोलीत तिने सुरी म्हणून येऊ दिली नव्हती. वाढदिवसाचा केक कापायलासुद्धा डॉक्टरीणबाईंना बाहेरच्या बाकावर जावं लागे.

“सही करणार नाही,” मावशी म्हणाली.

“मग?”

“मग काय? फ्रीज बघणार. तुम्ही बघितला नाही ना, म्हणून.”

तिने कागद त्याच्या हातातून काढूनच घेतला. फ्रीजला कान लावला. मोटार एकसारखी घरघरत होती. “कॉम्प्रेसर मेला म्हणता, साहेब? मेलेलं माणूस घोरतं का?” फ्रीजर उघडला, तर भिंतींवर ताजा पांढरा बर्फ. “गॅस गेला असता तर हा बर्फ धरला असता का? सुरी लागली म्हणे!”

मग तिने तोच कागद दाराच्या फटीत धरला, दार लावलं आणि ओढला. वरच्या बाजूला कागद घट्ट. बिजागरीकडे घट्ट. खालच्या कोपऱ्यात मात्र अलगद हातात आला. रबर तिथे टेकतच नव्हतं. रात्रभर बाहेरची गरम हवा आत शिरत होती आणि मोटार बिचारी ऊर फुटेस्तोवर धावत होती.

मावशीने वर बघितलं. दाराच्या वरच्या टोकाला नवीकोरी कडी होती आणि तिच्यात उघडंच लटकणारं कुलूप; सकाळी लशी हलवायच्या घाईत तिने ती नुसती बाजूला सारली होती. काल संध्याकाळी ती घरी गेल्यावर मॅनेजरने स्वतः उभं राहून बसवून घेतलेली. मावशी फ्रीजमध्ये जेवणाचा डबा ठेवते असा त्याला संशय होता. रात्रभर कडीने दार वरून इतकं आवळलं होतं की खालचा कोपरा उचलला जाऊन तिथलं रबर दुमडलं होतं.

“हे कुणी केलं?” तिने विचारलं.

मॅनेजरला एकाएकी कुणाला तरी फोन करायचं आठवलं.

मावशीने बटण बंद करून प्लग काढला, स्क्रूड्रायव्हर आणला आणि कडी उतरवली. दुमडलेल्या रबरावर गरम पाण्याचं फडकं धरून धरून ते सरळ केलं. बर्फाला हातही लावला नाही, दार उघडं ठेवून आपोआप वितळू दिला. आतलं पाणी टिपलं, प्लग लावला, खालच्या कोपऱ्यात तोच कागद धरून दार बंद केलं आणि खुर्ची ओढून समोर बसली. आज जेवायलाही उठायचं नाही, असं तिने ठरवलं होतं.

दुपारी चारला पारा पाचवर आला. डॉक्टरीणबाईंनी लशींवरच्या, उष्णतेने रंग बदलणाऱ्या खुणा तपासल्या. सगळ्या ठीक होत्या. मॅनेजर घसा खाकरत आला.

“चालू झाला ना? झालं तर मग. द्या तो कागद, टाकून देतो.”

“दारात आहे. घ्या ओढून.”

त्याने ओढला. हलेना. दोन्ही हातांनी हिसका दिला तेव्हा कागद टर्रकन फाटला आणि सहीची रेघ तेवढी त्याच्या हातात आली.

“आता माझ्या फायलीतला जुना कागद आणा,” मावशी म्हणाली. “सतरा वर्षं झाली. तोही खोटाच आहे. तो मी माझ्या हाताने फाडणार.”

मॅनेजरने डॉक्टरीणबाईंकडे बघितलं. त्या म्हणाल्या, “आणा.”

तो फाईल आणायला गेला. मावशीने तक्त्यावर पाच लिहिला आणि पुढे आपली सही केली.